ढगळीची राहिलेली उडी

दोन वाजून दहा मिनिटं झाली तरी दुसऱ्या पाळीच्या जाड्याचा पत्ता नव्हता.

ऑपरेटर मशीनरूमच्या दारात उभा राहून फाटकाकडे बघत होता. पहिली पाळी दोनला संपते. बदली माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा कोल्ड स्टोरेजचा पहिला नियम, आणि एकोणतीस वर्षं हा नियम नव्या लोकांच्या डोक्यात त्यानेच घातला होता. आत तीन कॉम्प्रेसर धडधडत होते. त्यांच्या जिवावर पलीकडच्या खोल्यांत उणे अठरा डिग्रीत मटारची पोती आणि माशांचे खोके पडून होते.

"अहो, बसा की जरा. खुर्चीला काटे फुटलेत का?" नोंदवही न्यायला आलेला कारकून म्हणाला.

"घरी पोचायचंय मला लवकर."

"कोण यायचंय?"

"कुणी नाही. टीव्ही बघायचाय."

कारकुनाला हसू आलं. "तुम्ही आणि टीव्हीसाठी घाईत? कुठली मॅच आहे?"

"मॅच नाही. स्की जंपिंग. बर्फावरून उड्या मारतात ते. जागतिक स्पर्धेची फायनल."

"दिवसभर बर्फाच्या गोदामात राहून पोट भरत नाही वाटतं! आज आहे फायनल?"

"मागच्या वर्षीची आहे," ऑपरेटर म्हणाला.

कारकून क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याला काहीतरी आठवलं असावं, कारण पुढे काही न विचारता तो वही काखेत मारून निघून गेला. ऑपरेटरची बायको जाऊन अकरा महिने झालेत हे सगळ्यांनाच माहीत होतं.

ती फायनल दोघांनी अर्धीच पाहिली होती.

स्की जंपिंगचं वेड मूळचं बायकोचं. ती शाळेचे गणवेश शिवायची. एकदा मशीनवर बसल्या बसल्या तिनं टीव्हीवर पाहिलं की एका मुलीनं सगळ्यात लांब उडी मारली आणि तरी तिला बाद केलं, का, तर अंगातला सूट मापापेक्षा दोन बोटं ढगळ निघाला. सैल कापडात हवा भरते, उडी लांबते. बायकोनं मशीन थांबवलं. "अहो, इकडे या लवकर! कपडा सैल शिवला म्हणून माणूस बाद! हा माझा खेळ." त्या दिवसापासून ती मुलगी झाली ढगळी. तिचं खरं नाव दोघांनाही नीट म्हणता यायचं नाही. आठ वर्षं हिवाळा आला की दोघं ढगळीच्या मागे. तो पाळीवर असायचा, ती शिवणात, म्हणून प्रत्येक स्पर्धा टीव्हीच्या केबलच्या डब्यावर रेकॉर्ड करायची आणि दोघं समोर बसल्याशिवाय बटण दाबायचं नाही. निकाल आधी कुणी कळवला तर त्याच्याशी दोन दिवस अबोला. उडी पडली की आकडा यायच्या आत अंतर ओरडून सांगायचं. तिचा अंदाज मीटरभरात असायचा. याचा कुठल्या कुठे जायचा, आणि ती म्हणायची, "तुम्ही आपले प्रेशरचे काटे बघा."

मागच्या फायनलच्या वेळी पहिल्या फेरीत ढगळी पहिली होती. दुसरी फेरी चालू असताना बायकोला दम लागला. तिनं पंधरा मिनिटं अंगावर काढला. मग म्हणाली, "थांबवा ते. गाडी बोलवा. आल्यावर बघू."

त्यानं थांबवलं. चौथ्या दिवशी पहाटे दवाखान्यात ती गेली.

डब्यानं ती जागा लक्षात ठेवली होती. यादीत त्या फायनलच्या नावापुढे अजूनही लिहिलेलं यायचं : एक तास बारा मिनिटं, पुढे पाहा. ते त्यानं अकरा महिने दाबलं नाही. आणि निकालही कानावर पडू दिला नाही. पेपरचं शेवटचं पान तो न बघता रद्दीत टाकायचा. न्हाव्याकडे खेळाच्या बातम्या लागल्या की अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर जाऊन उभा राहायचा. या वर्षीचा हंगाम सुरू झाला, तोही पाहिला नाही, कारण समालोचक बोलता बोलता गेल्या वर्षीच्या विजेतीचं नाव घेणार. ढगळीची उडी राहिली आहे, तोवर ती संध्याकाळ संपलेली नाही, असं काहीतरी त्याच्या मनानं घेतलं होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि त्यानं सांगितलंही नव्हतं.

महिन्यापूर्वी केबल कंपनीचं पत्र आलं. जुने डबे अमुक तारखेला संध्याकाळी पाच वाजता बंद होतील. माणूस येऊन नवा डबा बसवून जाईल. जुन्यातलं रेकॉर्डिंग नव्यात येणार नाही.

महिना होता हातात. रोज तो रिमोट घेऊन बसायचा आणि उद्यावर ढकलायचा. आज ती तारीख होती.

तीन वाजायला आले आणि दोन नंबरचं मशीन धाडकन बंद पडलं. प्रेशर वर गेलं होतं. ऑपरेटरनं काट्याकडे पाहिलं, मग खुंटीला लावलेल्या पिशवीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की मटार गेले खड्ड्यात. त्याचा हात पिशवीपर्यंत गेलाही. पण पाय हलेनात. शिव्या घालत तो पाण्याच्या पंपाकडे गेला. जाळी तुंबली होती. मांडीएवढी जाळी बाहेर काढून तो ती ब्रशनं घासत असताना मागून आवाज आला.

"मास्तर, माफ करा. सासूची दाढ—"

"किती वाजले?"

"तीन वीस. तिला डॉक्टरकडे नेलं, तर तिथं ती तोंडच उघडेना. घरी बंद होत नाही आणि तिथं—"

"ही धर." ऑपरेटरनं ओली जाळी जाड्याच्या हातात कोंबली. "बसव, पाणी सोड, हवा काढ, मग मशीन चालू कर. प्रेशर उतरल्याशिवाय हात लावलास तर बघ."

"सही राहिली मास्तर!"

सही त्यानं कशीबशी केली. हात धुवायलाही थांबला नाही. बसमध्ये बसायला जागा असून तो दाराशी उभा राहिला, उभं राहिल्यानं बस लवकर पोचणार असल्यासारखा. मनात हिशेब चालू होता. रेकॉर्डिंग दोन तासांचं. राहिलं अठ्ठेचाळीस मिनिटांचं. चार वाजता सुरू केलं तर बारा मिनिटं हातात उरतात. चार दहाला केलं तर दोन. त्यापुढे मेलो.

जिन्यावरून तो धापा टाकत वर आला. दार उघडंच होतं. आत त्याची मुलगी उभी होती. ती शाळेत शिकवायची, आज माणूस येणार म्हणून तिनं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसून एक मिशीवाला गडी डब्याच्या मागच्या वायरी चाचपत होता.

"हात काढ!"

मिशीवाला दचकून मागे सरला. "काका, शॉक लागायला यात करंटच नसतो एवढा."

"काढलास का? वायर काढलीस का?"

"नाही काढली बाबा," मुलगी म्हणाली. "मी त्यांना थांबवलंय. आधी पाणी प्या. तोंड बघा कसं झालंय."

"पाणी नको. रिमोट कुठाय?"

"काका, माझी अजून तीन घरं राहिलीत," मिशीवाला म्हणाला.

"पाचपर्यंत चालतो ना हा?"

"पाचला वरूनच बंद होणार. माझ्या हातात काही नाही."

"मग पाचपर्यंत थांब. हात जोडतो. पाया पडू का?"

त्यानं ते इतक्या सरळ विचारलं की मिशीवाल्याला हसावं की रडावं कळेना. त्यानं मुलीकडे पाहिलं. मुलीनं मान हलवली. तो भिंतीला टेकून जमिनीवरच बसला. "चला, बघू तरी काय सोनं आहे यात."

चार वाजून दोन मिनिटं. ऑपरेटर सोफ्याच्या आपल्या बाजूला बसला. दुसरी बाजू मोकळी होती. मुलगी तिथं बसायला आली, मग तिच्या काय मनात आलं कोण जाणे, ती खुर्ची ओढून बाजूला बसली. "बाबा," ती म्हणाली, "बघायलाच हवं का? मी म्हणते, राहू दे ना."

"अकरा महिने तूच मागे लागलीस, एकदाचं संपवा म्हणून."

"हो, पण…"

"मग गप्प बस आता."

त्यानं बटण दाबलं.

पांढरा उतार पडद्यावर आला. वर आडव्या बारवर एक मुलगी बसलेली. आठ जणी उरल्या होत्या. हिरवा दिवा लागला, खाली उभ्या प्रशिक्षकानं झेंडा खाली मारला, आणि ती सुटली. खाली, खाली, खाली, आणि मग टोकावरून हवेत. पायांना बांधलेल्या दोन लांब पट्ट्या इंग्रजी व्हीसारख्या पसरलेल्या, अंग पट्ट्यांवर झुकलेलं, नाक जवळजवळ पट्टीला टेकलेलं.

"आईशप्पथ," मिशीवाला म्हणाला. "ही मरत नाही?"

"एकशे अठरा!" ऑपरेटर ओरडला.

आकडा आला. एकशे एकवीस.

"थोडक्यात हुकलं काका."

"माझं हुकतंच. आता बघ, नुसतं अंतर नाही. उतरताना एक पाय पुढे पाहिजे, गुडघे वाकलेले, हात बाजूला. दोन्ही पाय बरोबरीनं टेकले की मार्क कापले. पाच परीक्षक असतात. सगळ्यात जास्त देणारा आणि सगळ्यात कमी देणारा, दोघांचे मार्क काढून टाकतात."

"हे बरंय. आमच्या हापिसात असं पाहिजे."

अकरा महिन्यांत ऑपरेटर सलग एवढं बोलला नव्हता. पुढची आली, त्यानं सांगितलं ही दर वेळी डावीकडे कलते. तशी ती कलली. तिच्या पुढची पडता पडता वाचली, आणि मिशीवाल्यानं डोक्याला हात लावला. कधी दोघं एकदम ओरडत होते, कधी समालोचकावर चिडत होते. मुलगी मात्र टीव्हीकडे बघतच नव्हती. ती बापाकडे बघत होती. बाप सोफ्याच्या कडेवर आला होता, दोन्ही मुठी गुडघ्यांवर, तोंड अर्धवट उघडं. अंदाज ओरडून झाला की त्याची मान आपोआप मोकळ्या बाजूला वळत होती आणि तिथून तशीच परत येत होती.

मग वारा आला. उताराच्या कडेच्या फिती आडव्या उडायला लागल्या, दिवा लाल झाला. बसलेल्या मुलीला बारवरून उठवलं. पाच मिनिटं नुसते झेंडे दाखवले.

"पुढे पळवा ना काका."

"नाही. वारा पण बघायचा असतो. आमच्या हिचं म्हणणं होतं, वाट बघणं हा अर्धा खेळ आहे."

वारा थोडा पडला. तीन जणी उडाल्या. उरल्या दोन. शेवटून दुसरी सतरा वर्षांची होती, बायको तिला शाळकरी म्हणायची. शाळकरीनं कमाल केली. एवढी लांब गेली की ऑपरेटरच्या तोंडून आकडाच निघाला नाही. एकशे तेहतीस. प्रेक्षक वेडे झाले. शाळकरी पहिली.

"आता?" मिशीवाला गुडघ्यांवर आला होता. "आता तुमची ढगळी?"

"आता ढगळी. पहिल्या फेरीची आघाडी आहे तिच्याकडे. एकशे सत्तावीस पुरे." त्याचा घसा बसला होता. "सत्तावीस ती झोपेत मारते. फक्त वारा… बाई, वारा सांभाळ."

ढगळी बारवर येऊन बसली. चष्मा खाली ओढला. दिवा लाल. तिला उठवलं. ती परत येऊन बसली. लाल. परत उठवलं. कुणीतरी तिच्या खांद्यांवर जाकीट टाकलं. ती पायऱ्यांजवळ उभी राहून हातमोज्यांत फुंकर मारत होती, आणि तिच्या तोंडाची वाफ आडवी उडत होती.

आणि पडदा निळा झाला. रेकॉर्डिंग समाप्त. काढून टाकायचे का? होय. नाही.

घड्याळात पाचला दहा कमी होती.

"अडकलं," ऑपरेटर म्हणाला. "परत लाव. थोडं मागे घेऊन लाव."

मिशीवाल्यानं रिमोट घेतला, मागे घेतलं, लावलं. जाकीट, फुंकर, वाफ, निळा पडदा. त्यानं आणखी एकदा केलं. मग माहितीचं बटण दाबून वाचलं आणि हळूच म्हणाला, "काका, दोन तासांचंच लावलंय. कार्यक्रमाची वेळ तेवढीच होती. असल्या खेळाला पुढे तासभर वाढवून ठेवायचा असतो."

"माहीत आहे मला," ऑपरेटर म्हणाला. "दोन तास वाढवायचे. ती वाढवायची दर वेळी. वाऱ्यासाठी." तो उठला, परत बसला. "त्या दिवशी तिला बरं वाटत नव्हतं. मी लावलं. मी नुसतं लाल बटण दाबलं."

म्हणजे त्या दिवशी दम लागला नसता तरी हे इथंच थांबणार होतं. तिनं मग घर डोक्यावर घेतलं असतं. बर्फाच्या गोदामात काम करता आणि वारा विसरता, म्हणाली असती. चार दिवस ऐकवलं असतं. ते चार दिवस ऐकायला मिळावं म्हणून त्या क्षणी त्यानं काहीही दिलं असतं.

"फोनवर बघून सांगतो ना," मिशीवाला खिशात हात घालत म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"नको!" तो एवढ्यानं ओरडला की खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडल्याचा आवाज आला. "कुणी सांगायचं नाही. तिनं पाहिलेलं नाही. तिला कळलेलं नाही, मला कशाला कळायला पाहिजे?"

मुलगी खुर्चीवरून उठली आणि त्याच्या समोर खाली बसली. "बाबा. आईला कळलं होतं."

"काय?"

"तिनं मला विचारलं. दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही फॉर्म भरायला खाली गेला होतात. म्हणाली, फोनवर बघ गं, ढगळीचं काय झालं. मी म्हटलं, आई, तुमचा तर नियम आहे. तर म्हणाली, बघ तू, वाद घालू नकोस."

ऑपरेटर पुढे वाकला.

"ती उडी झालीच नाही, बाबा. वारा थांबेना. शेवटी त्यांनी अख्खी दुसरी फेरी रद्द केली आणि पहिल्या फेरीवर निकाल लावला. ढगळी जिंकली. उडी न मारता."

"अरे वा!" मिशीवाल्याच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यानं लगेच तोंड मिटलं.

"आईला हसू आलं," मुलगी म्हणाली. "तोंडावरचा मास्क काढून हसली. जाकीट घालून उभी राहिली आणि जिंकली, म्हणाली. मग मला म्हणाली, तुझ्या बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटू दे अजून उडायची आहे. मी किती वेळा सांगणार होते बाबा. तुम्ही ऐकूनच घेत नव्हतात."

अकरा महिने तो ज्या उडीसाठी थांबला होता, ती कुणी मारलीच नव्हती. ते त्याला हळूहळू कळत होतं. पण त्याचं मन तिथं नव्हतं. ते दिवस मोजत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, त्याचा हात हातात धरून तीच म्हणाली होती, घरी गेलं की पहिलं काम, ती फायनल संपवायची. मीच बटण दाबणार. तो म्हणाला होता, दाब बाई, तुझंच राज्य आहे. तेव्हा तिला निकाल माहीत होता.

"तिनं नियम मोडला," तो म्हणाला. "आठ वर्षांत एकदाही मोडला नव्हता. का मोडला?"

मुलगी खाली बघत राहिली.

"आणखी काय विचारलं तिनं तुला?"

"बाबा, राहू दे आता."

"निकाल विचारला. आणखी काय विचारलं?"

टीव्हीवरचा निळा पडदा गेला. डब्यावरचा छोटा दिवा दोनदा मिचमिचला आणि विझला. मिशीवाला आवाज न करता उठला आणि वायरी काढायला लागला.

"मला नाही," मुलगी म्हणाली. "डॉक्टरांना विचारलं. त्याच सकाळी, फोनच्या आधी. किती दिवस आहेत म्हणून. खरं सांगा म्हणाली, मी शिवणारी बाई आहे, मला माप लागतं. त्यांनी सांगितलं, दोन, फार तर तीन."

"आणि मला?"

"तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली. तुम्ही जेवणखाण सोडून बसाल म्हणाली."

"तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मला घरी पाठवलं," ऑपरेटर म्हणाला. तो एकेक शब्द जपून बोलत होता. "जा म्हणाली, आंघोळ करा, पाठ टेका, सकाळी या. मी नको म्हणत होतो. चिडली माझ्यावर. लेक आहे ना इथं, म्हणाली. तेव्हा तिला माहीत होतं?"

मुलीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. जाळी घासताना लागलेला काळा गाळ अजून त्याच्या बोटांवर होता, तो तिच्या बांगडीला लागला.

"हो," ती म्हणाली.

"आणि मी गेलो."

"तिनंच पाठवलं ना बाबा."

"मी गेलो. आंघोळ केली. झोपलो मी. मला झोप लागली, अगं." तो मुलीकडे बघत होता, उत्तर तिच्याकडेच असल्यासारखा. "मी गेलो कशाला?"

मिशीवाला जुना डबा दोन्ही हातांत धरून दाराशी उभा होता. तो कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.